कोलारची कोरी नोंद

कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत एकदा जवळजवळ दोन महिने काहीच नोंदलं गेलं नाही. गोष्ट १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या, म्हणजे आपण सगळे टीआयएफआर म्हणतो तिथल्या मंडळींनी खाणीच्या पार तळाशी यंत्रं मांडली होती. आकाशातून येणारे विश्वकिरण हवेवर आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होतात. अंगणात उभं राहून तळहात पसरला तर त्यातून सेकंदाला साधारण एक म्युऑन आरपार जातो. खडकात जसजसं उतरावं तसतसे ते विरळ होत जातात. किती खोलीवर किती उरतात, हे मोजायला होमी भाभांनी १९५१ मध्ये बी. व्ही. श्रीकंठन या तरुण संशोधकाला कोलारला धाडलं होतं, आणि तेव्हापासून एकेक पातळी खाली जात मोजणी चालू होती. पिंजऱ्यातून खाली जायचं, साठ अंशांच्या आसपास तापलेल्या खडकाशेजारी काम करायचं, नोंदी घेऊन वर यायचं. सर्वांत खोल जागी यंत्रं लावली आणि आठवड्यामागून आठवडे गेले तरी आकडा शून्यावरून हलेना.

दुसरं कुणी असतं तर गाशा गुंडाळून परत आलं असतं. या मंडळींनी त्या शून्याचा अर्थ लावला. जिथे म्युऑनचा मागमूसही उरत नाही, तिथे यंत्राने कधी खूण दिलीच तर ती न्यूट्रिनो नावाच्या कणाची असणार, कारण एवढा खडक भेदून येणारं दुसरं काही नाही. १९६५ मध्ये टीआयएफआर, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ यांनी मिळून त्याच कोलारला, सव्वादोन किलोमीटरच्या आसपास खोलीवर, हवेत जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटालाही ते दिसले. निबंध मात्र कोलारचा दोन आठवडे आधी छापून आला.

आज ही गोष्ट काढायचं कारण असं, की कृष्णद्रव्याच्या, म्हणजे विश्वातल्या न दिसणाऱ्या वस्तुमानाच्या, शोधाबद्दल गेली काही वर्षं एकच बातमी फिरून फिरून येते: अमुक देशात, तमुक खोलीवर, इतक्या टनांचं यंत्र, आणि हाती काही लागलं नाही. ती वाचून लोक विचारतात, आणि त्यांनी विचारायलाच हवं, की आमच्या कराच्या पैशातून हे किती दिवस चालणार? मी भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं. या प्रश्नाला 'विज्ञानाला वेळ लागतो' असं गुळमुळीत उत्तर देणं मला पटत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. 'सापडलं नाही' हेही उत्तर असतं, पण प्रत्येक वेळी नसतं. ज्या कल्पनेला हरवता येतं, तिच्याच बाबतीत न सापडण्याला किंमत असते, आणि सार्वजनिक पैसा अशाच कल्पनांच्या मागे लावावा. तसा तो लावायचा ठरला, तर मग आपल्या देशाने हात आखडता घेण्याचं काहीही कारण नाही.

आधी हे कृष्णद्रव्य आहे तरी कशावरून, ते सांगतो. दरवर्षी मी मुलांकडून दोन आलेख काढून घेत असे. पहिला ग्रहांचा. बुध सूर्याभोवती सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने फिरतो, पृथ्वी ३० ने, नेपच्यून जेमतेम साडेपाचने. सूर्यापासून लांब जावं तसा वेग उतरतो, आलेख घसरगुंडीसारखा खाली येतो. दुसरा आलेख देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच शेजारच्या एका प्रचंड तारकासमूहाचा. तिच्यातल्या वायूच्या ढगांचे वेग व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी मोजून १९७० मध्ये प्रसिद्ध केले. प्रकाश मधोमध एकवटलेला, तेव्हा कडेला वेग उतरायला हवा. तो उतरत नाही. एके वर्षी एका मुलीने कडेचे चार बिंदू खोडरबराने पुसून पुन्हा मांडले, मग पुन्हा पुसले, कागद भोकापर्यंत आला. शेवटी वही घेऊन आली: "सर, माझं काहीतरी चुकतंय, रेघ खालीच येत नाहीये." तिचं काहीच चुकलं नव्हतं. नारायणगावजवळच्या खोडदला ज्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आपण पुणे-नाशिक रस्त्याने जाताना पाहतो, तसल्या दुर्बिणींनी दीर्घिकांच्या दूरच्या कडांवरचा हायड्रोजन मोजला, तरी रेघ आडवीच राहते. तिथे काहीतरी वजन आहे, ते दिसत मात्र नाही.

फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्येच कोमा दीर्घिका-समूहाबद्दल हेच म्हटलं होतं. आज विश्वारंभाच्या उरलेल्या प्रारणावरून हिशेब लागतो तो असा: आपण, तारे, धूळ, वायू मिळून विश्वाचा सुमारे ५ टक्के भाग, कृष्णद्रव्य २७ टक्क्यांच्या आसपास, बाकीची कृष्णऊर्जा. दीर्घिकांचे वेग आणि हे प्रारण, दोन अगदी वेगळ्या वाटांनी जाऊन उत्तर एकाच ठिकाणी येतं, म्हणून मी ते मानतो.

मग हे द्रव्य कशाचं? पहिला उमेदवार घरातलाच होता. न्यूट्रिनो. सूर्याकडून येणारे सहा-साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. असा कण विश्वात सर्वत्र भरून असेल आणि त्याला किंचित वस्तुमान असेल, तर सगळ्यांचं मिळून वजन प्रचंड भरेल. टीआयएफआरचे रामनाथ कौसिक यांनी जे. मॅक्लेलंड यांच्यासोबत १९७२ मध्ये याच युक्तिवादावरून न्यूट्रिनोच्या वस्तुमानाला कमाल मर्यादा घातली. पुढच्याच वर्षी या दोघांनी असंही सुचवलं, की कोमा समूहातलं न दिसणारं वजन अशाच न्यूट्रिनोंचं असू शकेल. कृष्णद्रव्य म्हणजे एखादा मूलकण असावा ही कल्पना आज पाठ्यपुस्तकात आहे. तिच्या उगमाशी आपला माणूस आहे, हे मात्र आपल्या मुलांना कुणी सांगत नाही.

१९८० मध्ये मॉस्कोच्या एका गटाने न्यूट्रिनोचं वस्तुमान ३० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं हे अगदी छोटं माप) आसपास मोजल्याचं जाहीर केलं. कृष्णद्रव्याची गरज भागवायला नेमकं एवढंच हवं होतं, त्यामुळे आनंदीआनंद झाला. पण १९८३ मध्ये संगणकावर असं न्यूट्रिनोमय विश्व रचून पाहिलं तर ते आपल्या विश्वासारखं दिसेना. हलके न्यूट्रिनो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावतात आणि लहानसहान गुठळ्या जमण्याआधीच पुसून टाकतात, मग छोट्या दीर्घिका तयार व्हायच्या कशा? पुढे मॉस्कोचं मोजमापही टिकलं नाही. आज जर्मनीतल्या कार्लस्रुहच्या कॅट्रिन प्रयोगाने न्यूट्रिनोचं वस्तुमान ०.४५ इलेक्ट्रॉन व्होल्टपेक्षा कमी असल्याचं दाखवलं आहे. उमेदवार पडला, डिपॉझिटसकट. पण जाताना एक गोष्ट ठरवून गेला: कृष्णद्रव्य संथ असलं पाहिजे. त्यानंतरचा प्रत्येक उमेदवार या अटीवर तपासला गेला. असं हरणं मला मोलाचं वाटतं.

आता दुसऱ्या उमेदवाराकडे येतो. त्याच्यावर माझा जीव आहे हे आधीच कबूल करतो. इंग्रजीत त्याला स्टराइल न्यूट्रिनो म्हणतात. हे विशेषण १९६७ मध्ये ब्रुनो पोंटेकोर्वो यांनी वापरलं. मराठीत कुणी त्याला 'वांझ' म्हणतात, यंत्राकडून भाषांतर करून घेणारे 'निर्जंतुक' लिहितात. पहिला शब्द आपल्या समाजात बायकांना फार टोचलेला आहे, दुसरा चूकच आहे. मी 'अलिप्त न्यूट्रिनो' म्हणतो, कारण त्याचा गुण तोच आहे. आपल्या ओळखीचे तिन्ही न्यूट्रिनो निदान अणूच्या गाभ्यातल्या क्षीण बलाला तरी ओ देतात. हा गुरुत्वाकर्षणाखेरीज कुणालाच थेट ओ देत नाही.

तो असावा असं वाटायला कारण आहे. इलेक्ट्रॉनसारखे कण डावखुरेही असतात आणि उजवेही. म्हणजे पुढे जाताना दोन्ही दिशांनी गरगरणारे सापडतात. न्यूट्रिनो मात्र आजवर जितके पाहिले तितके सगळे डावखुरे. १९९८ मध्ये जपानच्या सुपर-कामिओकांदेने दाखवलं की ते वाटेत रूप बदलतात, आणि रूप बदलायचं तर वस्तुमान हवं. वस्तुमान कुठून आलं, याचं सर्वांत साधं उत्तर असं, की उजवे जोडीदार आहेत, फक्त ते अलिप्त असल्यामुळे आपल्याला भेटलेले नाहीत. त्यांतला एखादा काही किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट वजनाचा असेल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्याही शंभराव्या भागाच्या आसपास, तर तो कृष्णद्रव्याचं काम करू शकेल, हे स्कॉट डोडेल्सन आणि लॉरेन्स विड्रो यांनी १९९४ मध्ये मांडलं. तप्त विश्वारंभी साधे न्यूट्रिनो अधूनमधून अलिप्त रूपात घसरत गेले, आणि तो साठा तसाच उरला.

हा उमेदवार मला आवडतो तो त्याला सगळीकडून कोंडीत पकडता येतं म्हणून. तो फार हलका असू शकत नाही. एका खुर्चीवर एकच, हा त्याच्या जातीच्या कणांचा नियम आहे, त्यामुळे छोट्या दीर्घिकेत हलके कण हवे तेवढे कोंबून बसवता येत नाहीत. स्कॉट ट्रिमेन आणि जेम्स गन यांनी १९७९ मध्येच ही किमान मर्यादा काढली. तो फार जडही असू शकत नाही, कारण हा कण अमर नाही. कोट्यवधी विश्वांच्या आयुष्यात एखादा या हिशेबाने का होईना, तो मोडतो, आणि मोडताना एक साधा न्यूट्रिनो आणि क्ष-किरणांचा एक फोटॉन देऊन जातो. फोटॉनची ऊर्जा बरोबर त्याच्या वस्तुमानाच्या निम्मी. जितका जड, तितका लवकर मोडणारा, तितका जास्त चमकणारा. एक दीर्घिका-समूह घ्या, त्यातले असे कण मोजता येणार नाहीत इतके, त्यामुळे कुठे ना कुठे सतत काही मोडत असणार. म्हणजे क्ष-किरणांच्या वर्णपटात ठरावीक जागी एक अणकुचीदार रेघ दिसली पाहिजे. नसेल तर नसेल. याहून स्वच्छ परीक्षा कुठली?

२०१४ च्या फेब्रुवारीत ती रेघ दिसली असं वाटलं. एस्रा बुलबुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७३ दीर्घिका-समूहांचे वर्णपट एकावर एक रचले. साडेतीन किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जरा वर एक उंचवटा दिसला. दुसऱ्या एका गटाला तो देवयानी दीर्घिकेत आणि पर्सियस समूहात दिसला. हिशेब जुळत होता: सुमारे सात किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचा अलिप्त न्यूट्रिनो. तो आलेख मी संगणकावर कितीतरी वेळ मोठा करून पाहिला. उंचवटा एवढासा, सभोवतालच्या चढउतारातून बोटाने दाखवून द्यावा लागेल इतका. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तो फळ्यावर काढला, आणि खाली 'कदाचित' असं लिहिलं.

मग परीक्षा सुरू झाली. काहींनी दाखवलं की तापलेल्या पोटॅशियमच्या रेघा नेमक्या त्याच जागी येतात. जपानने २०१६ च्या फेब्रुवारीत हितोमी नावाचा उपग्रह सोडला. त्याची नजर आधीच्या दुर्बिणींपेक्षा कितीतरी बारीक होती. महिनाभरातच नियंत्रणातल्या चुकीमुळे तो गरगरत तुटला. पण त्याआधी त्याने पर्सियस समूहाकडे पाहून घेतलं होतं, आणि तिथे अपेक्षेइतकी रेघ नव्हती. २०२० मध्ये एका गटाने वेगळीच युक्ती केली: कृष्णद्रव्य आपल्या आकाशगंगेतही आहे, म्हणजे आभाळाच्या रिकाम्या भागाकडे पाहिलं तरी आपण त्याच्यातूनच पाहतो. एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीची वर्षानुवर्षांची अशी निरीक्षणं एकत्र केली, रेघ आढळली नाही. पुढे त्याच वाटेच्या अभ्यासकांनी मूळ आकडे पुन्हा तपासले, तेव्हा तो उंचवटा मुळात होता का, याचाच संशय आला. डोडेल्सन-विड्रो यांची सर्वांत साधी मांडणी आता बाद झाल्यात जमा आहे. थोड्या आडवळणाने तयार होणाऱ्या अलिप्त न्यूट्रिनोला अजून थोडी जागा उरली आहे, आणि हितोमीचा वारसा घेऊन २०२३ मध्ये गेलेला एक्सरिझम उपग्रह ती जागा तपासू शकतो.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण एक पाहा. तीसेक वर्षांत एक देखणी कल्पना जन्मली, तिने स्वतःची परीक्षा स्वतः सांगितली, ती परीक्षा तीन वेगळ्या रीतींनी झाली, आणि कल्पनेचा मोठा भाग पुसला गेला. सार्वजनिक पैशाचा याहून चोख हिशेब मला दुसऱ्या फार थोड्या ठिकाणी दिसतो. दुःख वेगळ्याच गोष्टीचं आहे. २०१४ मध्ये 'गूढ उकललं?' अशा मथळ्याची बातमी मी कापून ठेवली होती. पुढच्या नकाराची बातमी त्याच वर्तमानपत्रात मी शोधत राहिलो, ती आलीच नाही. वाचकाच्या मनात उरलं ते असं, की शास्त्रज्ञ गाजावाजा करतात आणि मग गप्प बसतात. शास्त्रज्ञ गप्प बसले नव्हते. त्यांचं दुसरं वाक्य आपल्यापर्यंत कुणी पोहोचवलं नाही.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. अमेरिकेत लॉस अलामॉसच्या जुन्या प्रयोगापासून ज्या अलिप्त न्यूट्रिनोची चर्चा चालली होती, तो वेगळा, एखाद्या इलेक्ट्रॉन व्होल्टचा. फर्मीलॅबच्या मायक्रोबून प्रयोगाने २०२१ पासून त्याच्यावर एकेक दार बंद करत आणलं आणि २०२५ मध्ये एकट्या अशा न्यूट्रिनोने जुनी कोडी सुटणार नाहीत असं सांगितलं. 'अलिप्त न्यूट्रिनो नाहीतच' असे मथळे त्यानंतर आले. ते बरोबर नाहीत, कारण कृष्णद्रव्याचा दावेदार असलेला जड भाऊ त्या प्रयोगाच्या टप्प्यातच नव्हता.

आता टीकाकारांच्या बाजूचं बोलतो, कारण त्यांचं सगळं चूक नाही. सर्वांत लाडका उमेदवार विम्प नावाचा जड कण होता. त्याचा अणूला बसणारा धक्का टिपायला जमिनीखाली द्रवरूप झेनॉन वायूच्या टाक्या उभ्या राहिल्या, शंभर किलोंच्या, मग टनाच्या. अमेरिकेतल्या एलझेड प्रयोगात दहा टन झेनॉन आहे. इटलीत ग्रान सासो पर्वताखाली, चीनमध्ये जिनपिंगच्या २४०० मीटर खडकाखाली त्याची भावंडं आहेत. सापडलं नाही की सांगितलं जाई, कण आणखी लाजाळू असेल, टाकी आणखी मोठी हवी. ही सवय वाईट. ज्या कल्पनेला दर पराभवानंतर नवी मुदत मिळते, तिच्यावर लोकांनी विश्वास का ठेवावा? पण या शोधालाही आता निसर्गानेच वेस घातली आहे. २०२४ मध्ये चीनच्या आणि इटलीच्या टाक्यांमध्ये सूर्याकडून आलेल्या न्यूट्रिनोंचे पहिले पुसट धक्के दिसले. याच्या पलीकडे न्यूट्रिनोंचं धुकं आहे, आणि त्या धुक्यात विम्पचा धक्का ओळखणं फार अवघड. अजून थोडी वाट उरली आहे, ती चालून पाहावी, आणि मग त्याच रीतीच्या आणखी मोठ्या टाकीसाठी हात पसरू नये, असं मला वाटतं.

ॲक्सिऑन या आणखी एका उमेदवाराची गोष्ट वेगळी. रॉबर्टो पेच्ची आणि हेलन क्विन यांच्या १९७७ च्या कल्पनेतून आलेला हा अतिहलका कण शोधताना रेडिओची सुई फिरवावी तशी एकेक वारंवारता तपासली जाते. सुई जिथून गेली ती जागा तपासून झाली, मागे वळून पाहायला नको. मॉर्डेहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये कण सोडून गुरुत्वाचाच नियम बदलायचं सुचवलं, त्यालाही हाच न्याय लावावा. दीर्घिकांच्या आडव्या रेघा तो सुरेख समजावतो. पण एकमेकांवर आदळलेल्या दीर्घिका-समूहांत वायू एकीकडे आणि वजन दुसरीकडे दिसतं, तिथे तो अडखळतो. पैसे मागायला येणाऱ्या प्रत्येकाला समितीने पहिला प्रश्न हा विचारावा: तुझी कल्पना कशाने हरेल, आणि ते कळायला किती वर्षं लागतील? उत्तर देता येत नसेल त्याने गणित करत बसावं, गणिताला कागद पुरतो.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही, कारण खोल जागाच नाही. कोलारमधले प्रयोग १९९० च्या दशकात आवरले गेले, खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. नव्या न्यूट्रिनो वेधशाळेसाठी आधी निलगिरीतली सिंगाराची जागा पाहिली, ती व्याघ्रप्रकल्पाला लागून असल्यामुळे २००९ मध्ये नाकारली गेली. मग तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यातलं पोट्टिपुरम ठरलं. डोंगरात दोन किलोमीटरचा बोगदा, वर किलोमीटरभराहून जास्त खडक, आत पन्नास हजार टन चुंबकीय लोखंड. २०१५ मध्ये केंद्राने सुमारे १५०० कोटी रुपये मंजूर केले. माणशी अकरा रुपयांच्या आसपास पडतात, असा हिशेब समर्थक करतात. मला तो आवडत नाही. तेनीतल्या शेतमजुराला अकरा रुपये दिसत नाहीत, पंधराशे कोटी दिसतात, आणि ते त्याच्या गावच्या डोंगरात जाणार असतात.

तिथे जे झालं त्याला 'अडाणी लोकांनी विज्ञान अडवलं' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. न्यूट्रिनोमुळे शेती नासेल, आत अणुकचरा पुरतील, या शंका चुकीच्या होत्या. सूर्याचे न्यूट्रिनो त्या शेतांतून रोजच जातात. पण पाण्याची, सुरुंगांची, मथिकेट्टन आणि पेरियार यांच्यामधल्या वाघांच्या वाटेची काळजी चुकीची नव्हती. पर्यावरणावरील परिणामाचा अहवाल ज्यांनी केला त्यांच्याकडे त्या दर्जाच्या प्रकल्पासाठी लागणारी मान्यता नव्हती, या मुद्द्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये परवानगी स्थगित केली. ज्या प्रकल्पाचा सगळा जीव मोजमापाच्या नेमकेपणात आहे, त्याच्या कागदात अशी त्रुटी राहावी, हे मला फार लागलं. २०१८ मध्ये परवानगी परत मिळाली, पण विश्वास मिळाला नाही. २०२२ मध्ये राज्य सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रकल्पाला विरोध नोंदवला आणि काम थांबलं ते थांबलंच. मदुराईत त्या यंत्राची ८५ टनांची छोटी प्रतिकृती आहे. इकडे चीनने वीस हजार टन द्रवाचं जुनो यंत्र जमिनीखाली ७०० मीटरवर बांधून २०२५ च्या ऑगस्टमध्ये चालू केलं. तीन न्यूट्रिनोंमध्ये सर्वांत जड कोण, हा जो प्रश्न तेनीतलं लोखंड सोडवणार होतं, तो आता तिथे सुटेल.

म्हणून मी 'तेनीच हवं' असा हट्ट धरणार नाही. खोल प्रयोगशाळा मात्र हवीच. एका यंत्रासाठी बांधलेली नको; वीस-तीस वर्षं वेगवेगळ्या प्रयोगांना बिऱ्हाड करता येईल अशी हवी. झारखंडच्या जादुगुडा खाणीत ५५५ मीटरवर २०१७ पासून एक छोटी प्रयोगशाळा आहे आणि तिथे कृष्णद्रव्याचा शोधही घेतला जातो. बीज म्हणून ती मोलाची, खोलीच्या मानाने ती तोकडी. देशात खाणी आहेत, बोगदे खणले जात आहेत. जागा निवडण्याआधी त्या गावात जाऊन, त्यांच्या भाषेत, नकाराचा हक्क त्यांच्याकडे ठेवून बोलायला हवं. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या वेधशाळेचं काम चालू आहे. तिचा विषय गुरुत्वीय लहरी, कृष्णद्रव्य नव्हे; पण गाव आणि प्रयोगशाळा शेजारी कसे नांदतात, हे महाराष्ट्राला तिथे करून दाखवता येईल. ग्रामसभेत दरवर्षी उभं राहून या वर्षी काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे मराठीत सांगणारा एक माणूस त्या संस्थेने नेमावा. 'दिसलं नाही' हे वाक्यही त्याने तितक्याच मोठ्याने म्हणावं.

आणि पैसा नाही म्हणून खोल जागा नाही, असं कुणी म्हणू लागलं तर त्याला अमेरिकेतल्या साउथ डकोटामधल्या होमस्टेक खाणीची हकीकत सांगावी. तीही सोन्याचीच. १९६० च्या दशकात, कोलारची मंडळी इकडे उतरत होती तेव्हाच, रे डेव्हिस तिकडे उतरले. त्यांनी दीड किलोमीटर खोल गुहेत कपडे धुलाईचं रसायन भरलेली पावणेचार लाख लिटरहून मोठी टाकी बसवली आणि सूर्याच्या न्यूट्रिनोंनी तिच्यात घडवलेले आर्गॉनचे मूठभर अणू वर्षानुवर्षं मोजले. अपेक्षेच्या एक-तृतीयांशच मिळाले. बरीच वर्षं लोक म्हणाले, मोजणी चुकली. मोजणी बरोबर होती, न्यूट्रिनो वाटेत रूप बदलत होते. डेव्हिस यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं. खाण त्याच सुमारास बंद झाली, २००३ मध्ये पंप थांबले आणि पाणी चढू लागलं. मग राज्याने खाण ताब्यात घेतली, एका देणगीदाराने मोठी रक्कम दिली, २००८ पासून पाणी उपसायला सुरुवात झाली. डेव्हिस यांची टाकी जिथे होती, त्याच गुहेत आज एलझेडचं दहा टन झेनॉन आहे.

कोलारच्या खाणीतले पंप थांबल्यावर तिथेही पाणी चढलं. ज्या पातळीवर १९६५ मध्ये न्यूट्रिनोची खूण उमटली, ती आज पाण्याखाली आहे.